हृदयविकाराचा झटका : पहिल्या तासाचा इतिहास

“छातीत जरा जळजळतंय, पित्त असेल. थोडा वेळ पडतो म्हणजे बरं वाटेल.” हे उद्गार कोणत्या घरात ऐकू आले नाहीत? या ‘थोड्या वेळा’ची किंमत काय असते, हे उमगण्यास वैद्यकशास्त्रालाही अर्धे शतक लागले. तो इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे.

हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी एकाएकी बंद झाली की माणूस मरणारच, असा पूर्वी समज होता. १९१२ साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी तो खोडून काढला. असे रोगी जगू शकतात आणि जिवंतपणीच त्यांचे निदान करता येते, हे त्यांनी दाखविले; पण सुरुवातीस त्यांच्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

निदानाचे साधन मात्र हॉलंडमध्ये तयार झाले होते. लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयातील विद्युत्स्पंदने टिपणारे यंत्र बनविले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज दवाखान्यात सहज काढला जाणारा ईसीजी तो हाच.

पुढे १९६१ मध्ये डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रोग्यांवर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र कक्षांची कल्पना मांडली व लवकरच असे कक्ष उभे राहिले. पण एक कोडे उरलेच. अनेक रोगी त्या कक्षापर्यंत पोहोचतच नव्हते. बरेच मृत्यू पहिल्या तासाभरातच होत होते. हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागे आणि रक्ताभिसरण थांबे. विजेच्या धक्क्याने ते पुन्हा चालू करता येई. पण ते यंत्र रुग्णालयात आणि रोगी घरात!

बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हे कोडे उलट बाजूने सोडविले. रोगी येत नसेल तर उपचारानेच त्याच्याकडे जावे. १९६६ मध्ये त्यांनी रुग्णवाहिकेत मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे, सुमारे ७० किलोंचे यंत्र बसविले. त्यांनी व डॉ. गेडिस यांनी १९६७ मध्ये ३१२ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वाटेत एकही रोगी दगावला नव्हता.

१९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रोग्यांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिन व रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध ही दोन्ही मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत शेकडा ८ दगावले; दोन्ही न मिळालेल्यांपैकी शेकडा १३. गुठळी विरघळविणारे हे औषध जितके लवकर, तितके हृदयाचे स्नायू अधिक वाचतात.

आज महाराष्ट्रात १०८ क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात. म्हणून एक अहवाल पाहून रोग्याला घाईने घरी नेऊ नये. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप. स्त्रियांत व मधुमेहींत कधी नुसता थकवा वा मळमळ, ही लक्षणे घरातील प्रत्येकास माहीत असावीत.

यंत्र २७० किलोंवरून तळहातावर आले, रुग्णालय चाके लावून दाराशी आले. आता उशीर उरला आहे तो दाराच्या आतला. तो वडिलांच्या भिडेखातर मुलांनी होऊ देऊ नये.