लेबलावर नाव कुणाचं?



म्युझियम म्हटलं की काचेची कपाटं डोळ्यांपुढं येतात. पेंढा भरलेला वाघ, टाचणीला टोचलेली फुलपाखरं. पण त्या वाघाचं कातडं सोललं कुणी? पेंढा भरला कुणी? हा इतिहास काचेमागं मांडलेला नसतो. तो आपणच उकरून काढायचा असतो.

1826 साल. स्कॉटलंडातलं एडिंबरो. चार्ल्स डार्विन नावाचा पोरगा डॉक्टरकी शिकायला आलाय, पण मन रमत नाही. तो एका काळ्या माणसाकडं शिकवणीला जातो. जॉन एडमनस्टोन. दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, हा माणूस गुलाम होता. तिथं चार्ल्स वॉटरटन या गोऱ्या निसर्ग-अभ्यासकाकडून तो पक्षी सोलून पेंढा भरायला शिकला. स्कॉटलंडात येऊन मुक्त झाला. रोज एक तास, दोन महिने, फी एक गिनी. हीच विद्या डार्विनला पुढं बीगल जहाजाच्या सफरीत कामी आली. आत्मचरित्रात डार्विननं या गुरूची आठवण चांगली काढली. फक्त नाव लिहिलं नाही.

आपल्या बापजाद्यांनीही मेलेली ढोरं ओढली, सोलली. त्याला कुणी विद्या म्हटलं नाही, विटाळ म्हटलं. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितलं, हे काम टाका. बरोबरच होतं. लादलेलं काम ही गुलामी. शिकून, निवडून केलेलं काम ही विद्या. फरक हाताचा नाही, हक्काचा आहे.

आता वॉशिंग्टनला चला. 1852 साली स्मिथसोनियन संस्थेत सॉलोमन ब्राऊन कामाला लागला. तिथला पहिला काळा नोकर. पेट्या उचलायच्या, नमुने बांधायचे, लेबलं लावायची. हे करता करता तो प्राणिशास्त्र शिकला. 1855 साली आपल्याच लोकांपुढं उभा राहून कीटकांच्या समाजजीवनावर बोलला. 54 वर्षं राबून 1906 साली निवृत्त झाला. शास्त्रज्ञाची खुर्ची काही मिळाली नाही. याच संस्थेच्या प्रमुखानं 1862 साली फ्रेडरिक डग्लसला तिथल्या सभागृहात व्याख्यान देऊ दिलं नव्हतं.

बरं, पदवी मिळाली की दार उघडतं का? चार्ल्स हेन्री टर्नरनं 1907 साली शिकागोची डॉक्टरेट घेतली. मधमाशांना रंग ओळखता येतात, हे 1910 साली प्रयोगानं दाखवलं. सत्तरच्या वर निबंध लिहिले. आणि नोकरी? सेंट लुईसच्या काळ्या मुलांच्या हायस्कूलात मास्तर.

मार्गारेट कॉलिन्सनं 1950 साली डॉक्टरेट घेतली. विषय वाळवी. 1956 साली टॅलाहासीत काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा ही बाई गाडी घेऊन लोकांची ने-आण करत होती. वाळवीही सोडली नाही, चळवळही सोडली नाही. तिनं गोळा केलेली वाळवी आज स्मिथसोनियनमध्ये तिच्याच नावानं आहे. ब्राऊनपासून कॉलिन्सपर्यंत, लेबल लिहिणाऱ्या हातापासून लेबलावरच्या नावापर्यंत यायला शंभरावर वर्षं लागली.

हे अंतर आपोआप तुटत नाही. 1987 साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं कॉलेजच्या पोरांसाठी संशोधनाची योजना काढली. म्युझियमंही तिच्यात आली. उन्हाळ्याचे आठ-दहा आठवडे, शास्त्रज्ञाच्या हाताखाली खरं काम आणि वर विद्यावेतन. विज्ञानात ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्या समाजातल्या पोरांना ओढून आणणं हाही तिचा एक हेतू होता. विद्यावेतन ही मुद्द्याची गोष्ट. सुट्टीत ज्याला मजुरीला जावं लागतं, तो फुकटात फुलपाखरं कशी मोजणार? बडोद्याची स्कॉलरशिप नसती तर 1913 साली बाबासाहेबांना कोलंबिया कुठून दिसलं असतं?

म्हणून बी.एस्सी.च्या पोरापोरींनो, म्युझियमच्या तिकीट-खिडकीवरून परत फिरू नका. मागच्या खोल्यांत जा. तिथं कपाटांचे खण आहेत, लाखो नमुने आहेत. काम मागा, कामाचे पैसे मागा, आणि लेबलावर नाव मागा.

जयभीम.