पट्टीवरची वाफ: नाकाचा श्वास मोजायची गोष्ट

मी मुळशीकर, हिंजवडीत कोड लिहितो. गेली दोन वर्षं रात्री माझी डावी नाकपुडी चोंदते. शेवटी ऑपरेशनची मनाची तयारी करून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जीभ दाबायची थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरली. वाफेचे दोन डाग उमटले, डावा लहान. "बसा, तासाभराने परत बघू." तासाभराने डावा मोठा! मी चाटच पडलो.

घरी येऊन वाचत बसलो. ही युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी निघाली. हेंड्रिक त्स्वार्डेमाकर या डच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थंड आरशावर दोन्ही नाकपुड्यांची वाफ ताडून पाहिली. पुढे ग्लाट्झेलने धातूच्या पट्टीवर रेघा आखल्या, म्हणजे डाग मोजता आला.

पण डाग बदलतो का? १८९५ मध्ये जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी लिहून ठेवलं की नाकपुड्यांच्या आतलं अस्तर आलटून पालटून फुगतं, ओसरतं. आपल्याकडे स्वरशास्त्रात हेच चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून आलंय, दर अडीच घटकांनी पालटणारं. प्रत्यक्षात घड्याळ एवढं काटेकोर नसतं. कधी दोन तास, कधी त्याहून बरेच जास्त. निरीक्षण जुनं, मोजमाप नवं. आमच्या शेजारच्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, ते योगातले अनुभव असेच यंत्रावर तपासायला.

आता राइनोमॅनोमेट्री आहे. मास्क लावून नाकातला दाब आणि हवेचा वेग एकत्र मोजतात. १५० पास्कल दाबाला किती हवा जाते ते बघतात. मग सूज उतरवणारा स्प्रे मारून पुन्हा मोजतात. आकडा सुधारला तर अडथळा मुख्यतः सुजेचा, फारसा हलला नाही तर हाडाचा किंवा कूर्चेचा. माझा चांगलाच सुधारला. ऑपरेशन राहिलं बाजूला, ॲलर्जीचं औषध सुरू झालं.

गंमत म्हणजे यंत्रालाही सगळं कळत नाही. पुदिन्याच्या अर्काचा, म्हणजे मेंथॉलचा वास घेतला की नाक मोकळं वाटतं, पण आत जाणारी हवा जवळपास तेवढीच असते. फक्त गारवा जाणवतो. म्हणून डॉक्टर आकडाही बघतात आणि "तुम्हाला कसं वाटतंय?" हेही विचारतात.

आमच्या धंद्यातही एकाच वेळचा लॉग बघून बग ठरवत नाहीत. मी मात्र दोन वर्षं फक्त रात्रीचाच लॉग बघत होतो. तुमचंही नाक चोंदत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि कुठली बाजू, किती वाजता, एवढं आठवडाभर लिहून न्या. भेटू पुढच्या भागात!