सहा गडी आणि एक योजना : पोकेमॉनची स्पर्धात्मक संघबांधणी

‘पोकेमॉन’ हा शब्द भारतीय घरांमध्ये प्रथम रुजला तो दूरचित्रवाणीमुळे. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर ही मालिका सुरू झाली आणि पिवळ्याधमक पिकाचूने बालप्रेक्षकांना जिंकले. डिसेंबर २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरील खेळ अधिकृतपणे भारतात आला. या सगळ्याचे मूळ मात्र एका व्हिडिओ गेममध्ये आहे. सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून साकारलेला हा गेम २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ या छोट्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्यात १५१ प्राणी होते. आज ही संख्या एक हजाराच्या पुढे गेली आहे.

या खेळाला एक स्पर्धात्मक बाजूही आहे. २००९ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा भरतात. बोटांच्या चपळाईला येथे फारसे महत्त्व नसते. दोन्ही खेळाडू आपापली चाल गुप्तपणे निवडतात आणि मग चाली वेगाच्या क्रमाने पार पडतात. म्हणूनच हा खेळ बुद्धिबळाच्या अधिक जवळचा आहे. फरक इतकाच, की बुद्धिबळात सोंगट्या दोघांनाही सारख्याच मिळतात. येथे त्या आधी स्वतः निवडाव्या लागतात. निम्मा सामना या निवडीतच खेळला जातो.

नियमांची चौकट

अधिकृत स्पर्धांमध्ये जोडीने लढण्याचा प्रकार रूढ आहे. प्रत्येक खेळाडू सहा पोकेमॉनचा संघ नोंदवतो. सामन्यापूर्वी दोघांनाही परस्परांचे सहा गडी दिसतात आणि त्यांतून चार निवडण्यासाठी ९० सेकंद मिळतात. मैदानात एका वेळी प्रत्येकी दोन गडी उतरतात. सर्वांची पातळी ५० धरली जाते. एकाच जातीचे दोन प्राणी किंवा एकच वस्तू बाळगणारे दोन गडी संघात चालत नाहीत. प्रत्येक गड्याला केवळ चार चाली शिकवता येतात.

आग, पाणी, गवत, वीज, पोलाद असे एकूण १८ प्रकार आहेत. पाण्याचा मारा आगीवर दुप्पट बसतो, गवतावर निम्मा. जमीन प्रकारावर विजेचा काहीच परिणाम होत नाही. प्राणी दोन प्रकारांचा असेल तर हे गुणाकार एकत्र होतात आणि मारा चौपटही बसू शकतो. नवखा खेळाडू हा तक्ता पाठ करतो आणि सर्वांत बलवान वाटणारे सहा प्राणी गोळा करतो. त्याचा पराभव बहुधा येथूनच सुरू होतो.

पावसाचा संघ

संघबांधणीचा पहिला प्रश्न ‘कोण बलवान?’ हा नसून ‘जिंकायचे कसे?’ हा आहे. कोकणातील वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण पावसाचेच आहे. या खेळात पाऊस पडू लागला, की पाण्याचा मारा दीडपट होतो आणि आगीचा निम्म्यावर येतो. हा पाऊस साधारणतः पाच फेऱ्या टिकतो. तो आणणाऱ्याजवळ ‘डॅम्प रॉक’ ही वस्तू असेल तर आठ.

पाऊस आणण्याचे काम पेलिपरचे. मिरकरवाडा बंदरावर घिरट्या घालणाऱ्या समुद्रपक्ष्यांची आठवण करून देणारा हा पिशवीसारख्या चोचीचा पक्षी मैदानात उतरताच त्याच्या अंगभूत गुणामुळे पाऊस सुरू होतो. त्याचा लाभ उठवणारा दुसरा गडी म्हणजे किंगड्रा. ‘स्विफ्ट स्विम’ या गुणामुळे पावसात त्याचा वेग दुप्पट होतो. तिसरा आर्कालुडॉन. त्याच्या विजेच्या एका प्रभावी चालीला एरवी एक फेरी तयारीत घालवावी लागते. पावसात ती लगेच सुटते. योजना येथे पूर्ण होते. उरलेल्या तीन जागा मात्र ती योजना फसेल तेव्हासाठी असतात.

पेलिपर पाणी व उड्डाण या दोन प्रकारांचा असल्याने त्याच्यावर विजेचा मारा चौपट बसतो. म्हणून चौथा गडी अमूंगस. ‘रेज पावडर’ या चालीने हा कवकासारखा प्राणी शत्रूचे बहुतेक हल्ले स्वतःकडे ओढून घेतो; गवत प्रकारामुळे विजेचा मारा त्याच्यावर निम्माच बसतो. शिवाय तो अतिशय मंद आहे. प्रतिस्पर्ध्याने ‘ट्रिक रूम’ वापरून वेगाचा क्रम उलटा केला, तर हाच मंदपणा त्याला पुढे आणतो. एका जागेत दोन कामे झाली. पाचवा इन्सिनेरोअर. तो उतरताच समोरच्या दोघांचा शारीरिक मारा सौम्य होतो. पावसात त्याची स्वतःची आग मंदावते, पण त्याला घेतले आहे ते मारण्यासाठी नव्हे.

सहाव्या जागी वेगवान व ताकदवान गार्चॉम्प घेण्याचा मोह होतो. परंतु किंगड्रा आणि आर्कालुडॉन हे दोघेही ड्रॅगन प्रकारात मोडतात. तिसरा ड्रॅगन घेतला तर परी प्रकाराचा एखादा चांगला गडी अर्धा संघ अडचणीत आणू शकतो. त्यापेक्षा पोलाद व भूत प्रकारांचा गोल्डेन्गो उपयुक्त ठरतो. परी आणि ड्रॅगन या दोन्हींचा मारा तो सहज पचवतो आणि त्याचे बळ पावसावर अवलंबून नाही.

एका गुणाचे गणित

निवड झाल्यावर गड्यांची घडण सुरू होते. प्रत्येक प्राण्याला प्रशिक्षणाचे, म्हणजे ‘ईव्ही’चे, एकूण ५१० गुण मिळतात, पैकी एका क्षमतेवर जास्तीत जास्त २५२ खर्च करता येतात. वेगावर २५२ आणि माऱ्यावर २५२ ही सरधोपट वाटणी सर्वांना ठाऊक असते. जाणता खेळाडू मात्र आधी विचारतो : नेमके कोणाला मागे टाकायचे आहे?

समजा, ते लक्ष्य गार्चॉम्प आहे. पूर्ण प्रशिक्षण आणि अनुकूल स्वभाव असेल तर पातळी ५० वर त्याचा वेग १६९ होतो. ‘चॉइस स्कार्फ’ ही वस्तू तो दीडपट, म्हणजे २५३ करते. किंगड्राचा वेग पावसात दुप्पट होत असल्याने त्याचा मूळ वेग १२७ असला तरी २५४ भरतो. एका गुणाने का होईना, किंगड्रा पुढे. स्वभाव वेगाला पोषक वा मारक नसताना १२७ वेगासाठी २५२ नव्हे, १७२ गुण पुरतात. वाचलेले ८० गुण त्याची सहनशक्ती वाढवण्यास वापरता येतात आणि एखादा निर्णायक घाव त्यामुळे पचू शकतो.

आभाळ फिरले तर

या संघाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. टोर्कोल हा कासवासारखा प्राणी उतरताच ऊन पडते. पेलिपर आणि टोर्कोल एकाच वेळी उतरले तर वेगवान पेलिपरचा पाऊस आधी येतो आणि मंद टोर्कोलचे ऊन नंतर. टिकते ते ऊनच. अशा वेळी पेलिपरला आरंभी राखून ठेवून नंतर उतरवणे शहाणपणाचे. तेही जमले नाही तर त्याची ‘टेलविंड’ ही चाल चार फेऱ्यांसाठी साऱ्या संघाचा वेग दुप्पट करते. पाऊस नसतानाही लढता येईल एवढी तरतूद पावसाच्या संघात असावीच लागते.

खारीचा वाटा

२०१४ च्या वॉशिंग्टन येथील जागतिक स्पर्धेने हे तत्त्व जगापुढे ठळकपणे मांडले. दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क यांच्या संघात पाचिरिसू ही इवलीशी विजेची खार होती. तिच्या क्षमता बेताच्याच असल्याने ती कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. पण त्याच संघातील गॅरॅडॉसवर विजेचा मारा चौपट बसत होता. ही खार शत्रूचे हल्ले स्वतःकडे ओढून घेई आणि विजेचा मारा झाला तर उलट तिचीच शक्ती भरून निघे. पार्क जगज्जेते ठरले. त्यानंतर पुष्कळांनी पाचिरिसू आपल्या संघात घेतली. पण तिच्या आधाराने लढणारा जोडीदार नसेल तर ती केवळ एक दुबळी खारच राहते. विजेत्यांचे संघ जसेच्या तसे उचलण्यातील धोका हाच आहे.

प्रारंभ कोठून करावा?

कन्सोल आणि मूळ गेम यांची किंमत अनेक कुटुंबांना परवडणारी नसते. ‘पोकेमॉन शोडाऊन’ या अनधिकृत, पण विनामूल्य संकेतस्थळाने ही अडचण बरीच कमी केली आहे. साधा संगणक आणि इंटरनेट असेल तर रत्नागिरीतील विद्यार्थीही काही मिनिटांत संघ उभारून परदेशातील खेळाडूशी सामना खेळू शकतो. तेथे पैसे लावावे लागत नाहीत, हे पालकांनी लक्षात घ्यावे. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही पैशांचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांत स्पष्ट भेद केला आहे.

नवा संघ हाती आला, की किमान वीस सामने तो न बदलता खेळावा आणि प्रत्येक पराभवाचे कारण वहीत टिपावे. एकच कारण वारंवार आढळले तर एक गडी किंवा एक चाल बदलावी. सारा संघ मोडू नये. सहाही गड्यांपैकी प्रत्येक जण संघात का आहे, हे एका वाक्यात सांगता आले, म्हणजे संघ स्पर्धेत उतरवण्याजोगा झाला असे समजावे.