देवळालीचा ताप इंग्रजीत कसा गेला?

राजेहो, आपल्या बुटीबोरीवरून मुंबईला जाणारी लाइन धरा. नाशिक रोड गेलं की देवळाली. या गावाच्या नावावरून इंग्रजीत एक शब्द आहे, 'डुलॅली'. अर्थ? डोकं फिरलेला! आता जुनाट वाटतो, पण ब्रिटनमध्ये अजून कानावर पडतो.

झालं असं, की 19व्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीत ब्रिटिश सैन्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथं येऊन घरी नेणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. पण ही जहाजं सुटायची फक्त थंडीच्या हंगामात. ती हुकली, की पुढचे कित्येक महिने नुसतं बसून राहा. काम नाही, वरून ऊन, दारू, मलेरिया. काही जण खरंच भ्रमिष्ट व्हायचे. शिपाई त्याला म्हणायचे 'डुलॅली टॅप'. हा टॅप नळाचा नाही बरं, आपला ताप!

पुढे ताप गळाला, गाव तेवढं उरलं. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं. घोळ जहाजांच्या वेळापत्रकाचा, नाव खराब देवळालीचं. 1974 मध्ये बीबीसीनं 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका आणली, तिच्यातली छावणीसुद्धा देवळालीचीच. खरी छावणी आजही आहे, आपल्या लष्कराचं स्कूल ऑफ आर्टिलरी तिथंच चालतं.