चव दिसत नाही म्हणून

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या फूड नेटवर्क वाहिनीवर ‘हॉलिडे बेकिंग चॅम्पियनशिप’ सुरू होते. थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत अमेरिकी ओव्हनमधून जे जे बाहेर पडतं, ते ते इथे घड्याळ लावून करायचं. 2014 पासून हा रतीब चालू आहे. नाव तेच, दिव्यांच्या माळा त्याच, पण स्पर्धेची घडण सारखी बदलत आली आहे. ती का बदलते हे पाहायला तिच्या पूर्वजांकडे जावं लागतं, आणि मूळ पुरुष टीव्हीच्या स्टुडिओत नव्हे, पिठाच्या गिरणीत सापडतो.

मिनिआपोलिसच्या पिल्सबरी कंपनीची स्थापना 1869 सालची. ऐंशी वर्षं झाली म्हणून 1949 च्या डिसेंबरात कंपनीने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात एक स्पर्धा भरवली. देशभरातून पाककृती मागवल्या आणि त्यातून शंभर जणांना बोलावलं. हॉटेलच्या आलिशान नाचघरात शंभर शेगड्या ओळीने मांडल्या. एलिनॉर रूझवेल्ट पाहुण्या म्हणून आल्या होत्या. अर्थात एवढा थाट पीठ खपावं म्हणूनच होता, आणि ते कोणी लपवलंही नाही. 50,000 डॉलरचं पहिलं बक्षीस मिळवलं मिशिगनच्या थिओडोरा स्मॅफिल्ड यांनी. त्यांची कृती आजही चमत्कारिक वाटते. यीस्ट घातलेला मैद्याचा गोळा मळायचाच नाही. तो फडक्यात गुंडाळून कोमट पाण्यात सोडायचा आणि तिथेच फुगू द्यायचा. मग त्याचे तुकडे साखरेत आणि सुक्यामेव्यात घोळवून, पीळ देऊन भाजायचे.

या स्पर्धेत निकाल लागायचा तो पाककृतीचा. स्पर्धक कोण, त्याचे हात थरथरतात का, डोळ्यांत पाणी आलं का, याच्याशी परीक्षकांना कर्तव्य नव्हतं. ते बाजूच्या खोलीत बसून चाखायचे. निवडक कृती पुस्तिकेत छापल्या जायच्या आणि घराघरांतून करून पाहिल्या जायच्या. त्यांची ताकद केवढी होती? 1966 साली दुसऱ्या आलेल्या ‘टनेल ऑफ फज’ या केकला मध्ये भोक असलेलं, नक्षीदार बुंड्ट भांडं लागायचं. हे भांडं नॉर्डिक वेअर कंपनीने 1950 च्या सुमाराला काढलं होतं, पण ते फारसं कोणी विचारत नव्हतं. या केकनंतर त्याची मागणी अशी उसळली, की आज अमेरिकी स्वयंपाकघरात ते नसेल तरच नवल. पहिला न आलेला केक एका भांड्याचं नशीब काढतो, हे पुढच्या कुठल्याही टीव्ही-स्पर्धेला जमलेलं नाही.

इंग्लंडात ही कल्पना रुजली ती वेगळ्या मातीत. तिथे गावजत्रांमधून केकच्या स्पर्धा आधीपासून होत्याच. त्यांचा तंबू उचलून लव्ह प्रॉडक्शन्सने 17 ऑगस्ट 2010 ला बीबीसी टूवर ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ आणला. पहिल्या वर्षी तंबू दर आठवड्याला गाव बदलत हिंडायचा, आणि मध्येमध्ये ब्रेड-बिस्किटांच्या इतिहासाची छोटी प्रकरणंही यायची. दुसऱ्या वर्षी तंबूने एका जागी बैठक मारली. इतिहासही पुढे हळूहळू आटला. मला त्याची हळहळ वाटते, पण कार्यक्रमाला फरक पडला नाही. टिकली ती तीन फेऱ्यांची रचना. पहिल्या फेरीत घरी घोटवलेला पदार्थ, तिसऱ्या फेरीत डोळे दिपवणारा. मधल्या फेरीत सगळ्यांना एकच कृती, तीही अर्धीमुर्धी: ‘भाजा’ एवढंच लिहिलेलं, किती वेळ ते नाही. आणि कुणाचं ताट कुणाचं हे परीक्षकांना ठाऊक नसायचं.

म्हणजे कृती आता परीक्षकांनीच दिली आणि तपासला जाऊ लागला तो हात. हा बदल निव्वळ लहर नव्हती. पडद्यावरून चव येत नाही, वास येत नाही. परीक्षक मेरी बेरींनी ‘छान झालंय’ म्हटलं की आपण विश्वास ठेवायचा. पण तळाशी ओली राहिलेली पेस्ट्री, फाटलेला थर, खचलेली भिंत, हे सारं घरबसल्या दिसतं. 2014 साली एका स्पर्धकाचं आइस्क्रीम फ्रीझरबाहेर राहून वितळलं. त्याने रागाच्या भरात सगळा ‘बेक्ड अलास्का’ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परीक्षकांपुढे डबाच नेऊन ठेवला. चाखण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी शेकडो प्रेक्षकांनी तक्रारी केल्या! चव बाजूला पडून प्रसंगच पदार्थ झाला, तो इथे.

हीच रचना अमेरिकेत न्यायचा पहिला प्रयत्न फसला होता. 2013 साली सीबीएस वाहिनीने अडीच लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि एका हंगामात गाशा गुंडाळला. इंग्लंडात विजेत्याला फुलं आणि केक ठेवायचं एक कोरीव तबक मिळतं. तेवढ्यासाठी माणसं शेजाऱ्याला क्रीम थापायला मदत करतात. अडीच लाखांसाठी करतील का, शंकाच आहे.

मग 2014 साली फूड नेटवर्कने स्वतःची ‘हॉलिडे’ स्पर्धा काढली आणि तंबूचा सौम्यपणा सरळ टाकून दिला. आठ स्पर्धक, त्यांत घरगुती बेकर आणि व्यावसायिकही. बक्षीस 50,000 डॉलर, म्हणजे 1949 एवढंच! नवी कळ होती दोन फेऱ्यांची. ‘प्री-हीट’मध्ये छोटा पदार्थ, तो जिंकणाऱ्याला पुढच्या फेरीत काहीतरी सवलत. ‘मेन हीट’मध्ये मोठा पदार्थ, आणि तो निम्म्यावर आला असताना सूत्रसंचालक येऊन सांगणार, आता यात अमुक एक जिन्नसही घाला. कृती गेली, हातही दुय्यम झाला. आता परीक्षा अडथळ्याची. केकचा थर गार होत असताना ऐन वेळी त्यात आणखी एक चव कोंबायची, याला पाककौशल्य म्हणावं की कसरत, यावर माझं मत कसरतीच्या बाजूने आहे.

पुढे स्पर्धकांची संख्या बारापर्यंत गेली, बक्षीस मात्र 25,000 डॉलरवर उतरलं. सूत्रसंचालक बॉबी डीन जाऊन जेसी पामर आले, परीक्षक लोरेन पास्कल यांच्या जागी कार्ला हॉल बसल्या. 2015 मध्ये त्याच साच्यातून वसंत ऋतूची, हॅलोविनची आणि लहान मुलांची स्पर्धाही निघाली.

इंग्लंडचा तंबूही नाताळाच्या वाटेने पुन्हा अमेरिकेत शिरला. 2015 च्या अखेरीला एबीसी वाहिनीवर ‘द ग्रेट हॉलिडे बेकिंग शो’ आला, पुढच्या वर्षी त्याचं ‘द ग्रेट अमेरिकन बेकिंग शो’ झालं. ‘बेक ऑफ’ म्हणता येईना, कारण अमेरिकेत ते नाव पिल्सबरीच्या मालकीचं! 2017 साली एका परीक्षकावर लैंगिक छळाचे आरोप झाले आणि पहिल्याच प्रक्षेपणानंतर वाहिनीने बाकीचा हंगाम दाखवलाच नाही. तो जिंकला होता व्हॅलेरी लोमस यांनी. त्यांच्या विजयाची फक्त घोषणा झाली.

मूळ तंबू दरम्यान बीबीसी सोडून 2017 मध्ये चॅनेल फोरवर गेला. जाहिराती मावाव्यात म्हणून भाग सव्वा तासाचा झाला. मेरी बेरी गेल्या, प्रू लीथ आल्या. तीन फेऱ्या मात्र कोणी हलवल्या नाहीत. 2021 ची अंतिम फेरी गाठणाऱ्या, मूळच्या गोमंतकीय घराण्यातल्या क्रिस्टेल परेरा त्याच तीन फेऱ्या पार करत आल्या. अमेरिकी शाखा 2022 च्या डिसेंबरात रोकू चॅनेलवर पुन्हा उघडली ती नामवंतांचा नाताळ-विशेष भाग घेऊन. ज्यांना केक येतो की नाही हा प्रश्नच नाही, अशा लोकांची स्पर्धा. तीही चांगली चालली.