वीज गेली, पंखा चालू

मराठवाड्यातल्या माणसाला वीज जाण्याचं नवल नाही. दिवे जातात, पंखा थांबतो, विहिरीवरची मोटार बंद पडते आणि माणूस ओट्यावर येऊन बसतो. लहान विमानात मात्र वीज गेली तर दिवे विझतात, रेडिओ मुका होतो. नाकावरचा पंखा मात्र आपला फिरतच राहतो. तो फिरवणाऱ्या इंजिनाचा बॅटरीवर पहिल्यापासूनच भरवसा नाही.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी इंजिन सुरू करायला कोरडे सेल वापरले आणि ते जमिनीवरच ठेवून विमान उडवलं. हवेत ठिणगी पाडली ती मॅग्नेटोने, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यावर चालणाऱ्या चुंबकी जनित्राने. पुढे प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो देण्याची रीत पडली. आजही वैमानिक उड्डाणाआधी चावी फिरवून एकेक मॅग्नेटो तपासतो. इंजिनाचे फेरे किंचित उतरले तर ठीक. फार उतरले तर विमान माघारी.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून मुंबई गाठली, ती एका इंजिनाच्या पस मॉथमधून. त्यात रेडिओ नव्हता. अहमदाबादला इंधन आलं ते बैलगाडीतून! अशा विमानात वीज बिघडली तरी वैमानिकाचं अडणार काय होतं?

पुढे फ्लाइंग क्लबांमध्ये आलेल्या ‘पुष्पक’चीही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं हे दोन आसनी विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याच्या रचनेमागे होते कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. पुष्पकचा पंखा हाताने फिरवायचा. बाहेरचा माणूस ‘स्विच ऑफ’ची खात्री करून पातं खाली-वर जुळवणार, मग ‘काँटॅक्ट’ अशी हाक, एक हिसका आणि झटकन मागे. हात राहिला तर गेलाच.

सेस्ना १७२च्या पिढीने मात्र स्टार्टर, रेडिओ, दिवे, विजेवरचे फ्लॅप असं सगळं आणलं, आणि सोयीबरोबर काळजीही आली. समजा, नांदेडहून असं विमान लातूरला निघालं आहे. सरळ रेषेत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांची वाट. लोह्यावर येताच वीज बनवणारा अल्टरनेटर बंद पडला आणि कमी व्होल्टेजचा दिवा लागला. आता सगळा भार बॅटरीवर, आणि ती टिकणार जेमतेम अर्धा तास. वैमानिकाने आधी विमान सांभाळायचं. मग अल्टरनेटरचा स्विच एकदा बंद करून चालू करायचा, ब्रेकर पाहायचा. तरीही जमलं नाही तर उरतं ते भारनियमनच: नको ते दिवे आणि नको ती यंत्रं बंद. बॅटरीत जीव आहे तोवर टॉवरला कळवून टाकायचं आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेत लावायचा, कारण बॅटरी मेली की तोही गप्प. दिवस असेल, हवा स्वच्छ असेल तर नांदेडला मागे वळणं शहाणपणाचं. वाट दाखवायला गोदावरी आहेच, ती काही विजेवर वाहत नाही. फ्लॅप उतरले नाहीत तर विमान जास्त वेगाने टेकतं आणि लांब धावतं. शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीसाठी २००८मध्ये वाढवलेली नांदेडची धावपट्टी सुमारे २३०० मीटरची आहे, सेस्नाला ती भरपूर होते.

रेडिओ गेला तर टॉवरवरून प्रकाशाची खूण होते. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नका. समजलं हे सांगायला दिवसा पंख हलवायचे, रात्री दिवे लुकलुकवायचे. ज्याची वीजच गेली त्याने रात्री दिवे कुठून लुकलुकवावेत, हे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून रात्रीच्या उड्डाणाला वैमानिक खिशात टॉर्च ठेवतात.

लातूर जिल्ह्यात आकाशातल्या अपघाताशी विजेचं नाव जोडलं गेलं ते मात्र बाहेरून. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांना अडकून कोसळलं. सगळे वाचले. हेलिकॉप्टरच्या आत काय बिघडतं याची तयारी वैमानिक करतो. बाहेरच्या तारांची काळजी जमिनीवरच्यांनी घ्यायची असते. तेव्हा तालुक्याच्या गावी तात्पुरतं हेलिपॅड आखणाऱ्यांनी चुन्याचं वर्तुळ काढण्याआधी मान वर करून चारी बाजूंच्या तारा मोजाव्यात.