नाक, रक्त आणि सुई: चेहरा भरून घेण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

मागच्या काही व्याख्यानांत आपण किल्ले पाहिले, कागदपत्रं पाहिली. आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. गालात, ओठात, डोळ्यांखाली सुईने जेल भरून घेतात, त्याला फिलर म्हणतात. इतिहासाच्या मालिकेत हे कशाला? तर लग्नसराई जवळ आली की आता पार्लर आणि शालूबरोबर याचीही चौकशी घरोघर होते, आणि चौकशी होते ती बहुतेक किमतीची. किती रुपये, किती दिवस टिकतं, दुखतं का. इतिहास वाचला की वेगळे प्रश्न सुचतात. ते प्रश्न सुईच्या आधी विचारायचे असतात, म्हणून आजचा हा विषय.

एक सूत्र सुरुवातीलाच सांगून ठेवू. चेहरा रक्तावर जगतो. चेहऱ्यावर काम करताना ज्यांनी रक्ताची वाट राखली, त्यांचं काम टिकलं. ज्यांच्या हातून ती वाट बंद झाली, त्यांच्या रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागली.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तालमीतल्या जुन्या पैलवानाचे कान आठवा. सुजून, आकसून, कडक झालेले. आपल्याकडे तो मानाचा शिक्का. दुसऱ्या गावात कोणी म्हणेल, अरेरे, कानाचं काय झालं! पण कान तसा का होतो? कानाच्या कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. घिश्श्याने, माराने त्या दोघांच्या मध्ये रक्त साठतं, आवरण सुटतं, कुर्चेची उपासमार होते आणि तिथे वेडंवाकडं कडक ऊतक तयार होतं. म्हणजे नको तिथे काही साठलं आणि पोषणाची वाट तुटली की आकार कायमचा बदलतो. आजच्या विषयाचं निम्मं शास्त्र या कानात आहे.

आता पुण्याला जाऊ, 1793 सालात. इंग्रजी कागदांत कावसजी या नावाने आलेला एक मराठा शेतकरी, इंग्रज फौजेत बैल हाकणारा. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. आपल्या भाषेत ‘नाक कापणं’ म्हणजे अब्रू घेणं. या माणसाच्या बाबतीत ते अक्षरशः झालं. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या, एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, ही खंत आहेच.

पण कृती मात्र बारकाईने नोंदवली गेली, कारण मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी, क्रूसो आणि फिंडले यांनी, ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून ते जागेवर बसवून बघायचं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली एक छोटी पट्टी न कापता ठेवायची. कातडी त्या पट्टीवर पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. वरून काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी, नवं नाक जागेवर धरल्यावर, ती पट्टी कापायची. दहा महिन्यांनी, जानेवारी 1794 मध्ये, चित्रकार जेम्स वेल्सने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने मृतदेहांवर सराव केला, 1814 मध्ये लंडनला अशी शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये पुस्तक छापलं. सुश्रुतसंहितेत पानाचं माप घेऊन गालाच्या कातडीने नाक करण्याची कृती आहेच. पुण्याच्या कारागिराने कपाळ वापरलं होतं.

आता त्या छोट्या पट्टीकडे नीट बघा. आपल्याकडे कुंकू जिथे लावतात, त्या जागेच्या दोन्ही अंगांनी एकेक बारीक रोहिणी कपाळावर चढते. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं म्हणून नवं नाक जगलं. पुस्तकातलं शरीरशास्त्र त्या कारागिराकडे नसेल, पण ही पट्टी घाईने कापायची नाही, हे पक्कं ठाऊक होतं. आणि हीच रोहिणी आत कुठून येते? डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीची ती शाखा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यानंतर शंभर वर्षांनी माणसाने कातडी कापण्याऐवजी सुई हातात घेतली. 1893 मध्ये जर्मनीत फ्रान्झ नॉयबरने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या व्रणाचा खड्डा भरला. ती रुग्णाची स्वतःचीच चरबी होती. 1899 मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने व्हॅसलीन टोचलं. आधी क्षयामुळे वृषण काढलेल्या एका रुग्णाला, मग पुढे इतरांना, बसलेलं नाक उचलण्यासाठी. नंतर पॅराफिन आलं, म्हणजे मेणच. व्रण नाही, टाका नाही, बसल्या जागी नाक सरळ! युरोप-अमेरिकेत त्याची लाटच आली.

ते मेण पुढे काय करायचं? उन्हाने, तापाने मऊ होऊन सरकायचं. शरीर त्याला परकं समजून भोवती कडक गाठी धरायचं, कधी महिन्यांनी, कधी अनेक वर्षांनी. त्या गाठींना ‘पॅराफिनोमा’ असं नावच पडलं. काढायला गेलं तर चांगल्या मांसासकट कापावं लागे. आणि पहिल्या काही वर्षांतच नाकात टोचल्यावर डोळा गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. ग्लॅडिस डीकन ही त्या काळातली नावाजलेली सुंदरी, पुढे मार्लबरोची डचेस झाली. तरुणपणी नाकाच्या दांड्यात भरून घेतलेलं मेण खाली उतरलं आणि तो चेहरा तिला उरलेलं आयुष्यभर वागवावा लागला.

लोक शहाणे झाले का? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि मग अमेरिकेत द्रवरूप सिलिकॉन टोचायला सुरुवात झाली. पुन्हा तेच आश्वासन, पुन्हा त्याच गाठी. अमेरिकेच्या नेवाडा राज्याला 1970 च्या दशकात ते टोचणं गुन्हा ठरवावं लागलं. म्हणजे पदार्थ बदलला, जाहिरात बदलली, चूक मात्र तीच राहिली: आत घालायची घाई, बाहेर काढायचा विचार नाही.

हा विचार मागाहून आला. 1981 मध्ये अमेरिकेत गायीच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजनला परवानगी मिळाली. ते काही महिन्यांत विरघळायचं, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असे, म्हणून आधी हातावर टोचून बघावं लागे. मग आलं आजचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं फिलर, हायलुरॉनिक आम्ल. 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गायीच्या डोळ्यातल्या जेलीतून ते शोधून काढलं. आपल्या कातडीत, सांध्यांत ते असतंच. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. त्याचं घट्ट केलेलं जेल 1996 मध्ये युरोपात आणि डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेत अधिकृतपणे आलं. याची खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे, बरं का. याला विरघळवणारं औषध उपलब्ध आहे, हायलुरॉनिडेज. शंभर वर्षांत पहिल्यांदाच, टोचलेली वस्तू बऱ्याच अंशी परत घेण्याची सोय झाली.

मग आता धोका संपला का? नाही. इथे कावसजीच्या कपाळावरची ती पट्टी आठवा. भुवयांच्या मध्ये किंवा नाकावर टोचताना सुईचं टोक चुकून रोहिणीत गेलं आणि दाबाने जेल आत शिरलं, तर ते रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मागे सरकून डोळ्याच्या रोहिणीपर्यंत पोचू शकतं आणि तिथून रक्ताबरोबर पुढे नेत्रपटलाकडे जाऊ शकतं. नेत्रपटल रक्ताविना फार तर तास-दीड तास तग धरतं. गेलेली दृष्टी परत येईल याची खात्री विरघळवणारं औषध देऊनही कोणी देत नाही. ज्या वाटेने पुण्यात एक नाक जगलं, त्याच वाटेने डोळा जाऊ शकतो. असं क्वचितच होतं, हे खरं. पण ज्याच्या बाबतीत होतं, त्याला या ‘क्वचित’चा काय उपयोग?

थोडं आपल्या गावाकडे येऊ. चेहरा मोठा करून दाखवण्याचा धंदा कोल्हापूरने महाराष्ट्राला शिकवला. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वदेशी कॅमेरा घडवला, 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. 1929 मध्ये ‘प्रभात’ इथेच सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली. पडद्यावर नाक-डोळे हातभर दिसू लागले. पण त्या काळचा रंग, लेप, मिशी सगळं रात्री धुऊन निघायचं. आज कॅमेरा प्रत्येकाच्या हातात आहे आणि उपाय कातडीच्या आत गेला आहे. आतलं रात्री धुता येत नाही. म्हणून आधी विचारायचं.

काय विचारायचं? इतिहासातून निघालेले प्रश्न असे.

पहिला, आत काय भरणार? नाव, कंपनी, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख. सीलबंद सिरिंज आपल्यासमोर उघडली पाहिजे आणि तिच्यावरचं स्टिकर आपल्या फाइलला लागलं पाहिजे. ‘इम्पोर्टेड आहे, काळजी नको’ हे उत्तर नव्हे. फिलर आणि बोटॉक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही जाणून घ्या. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर जागा भरतं.

दुसरा, ते परत काढता येतं का? हायलुरॉनिक आम्ल विरघळवता येतं. कॅल्शियमचं किंवा कायमस्वरूपी फिलर त्या औषधाने विरघळत नाही. ‘कायम टिकतं’ हे ऐकून खूश होऊ नका, गेर्सुनीचं मेणही टिकतच होतं. जे ‘वर्षभर टिकतं’ म्हणून सांगतात, त्याचेही अंश एमआरआयमध्ये कधी कधी काही वर्षांनंतर सापडले आहेत.

तिसरा, सुई कोणाच्या हातात? त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण घेतलेला, वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेला डॉक्टर हवा. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने केस प्रत्यारोपणाच्या निमित्ताने स्पष्टच म्हटलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं हे सौंदर्य-प्रक्रिया सुरू करण्यासाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. पार्लरमध्ये, कोणाच्या घरी, ‘चार जणी मिळून सवलतीत’ हे नकोच. बिनसुईच्या पेनने घरीच ओठ भरण्याचे व्हिडिओ फिरतात. त्या पेनविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये इशारा दिला आहे.

चौथा, बिघडलं तर इथे काय तयारी आहे? विरघळवणारं औषध दवाखान्यात आत्ता आहे का, की मागवावं लागेल? रात्री फोन कोण उचलणार? टोचल्यावर थोडी सूज, थोडं काळंनिळं होणं चालतं. पण कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उठले, दुखणं वाढत चाललं, तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे परत जा. नजर अंधुक झाली तर थेट तातडीच्या विभागात, सकाळची वाट बघायची नाही.

आणि आपल्या बाजूने आपण खरं सांगायचं. गरोदरपण, अंगावर पाजणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ओठावर वारंवार येणारी नागीण, चेहऱ्यावरचा जंतुसंसर्ग, दातांचं चालू काम, आधी भरून घेतलेलं काही. यातलं लाजून लपवलं तर नुकसान आपलंच. लग्न असेल तर निदान महिनाभर आधी. हळदीच्या आठवड्यात तर मुळीच नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. 1995 च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे देऊन उपचार घेणारा रुग्ण ग्राहक आहे असं ठरवलं. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात संमती म्हणजे नुसती सही नव्हे, धोका आणि पर्याय समजावून सांगितल्यावरची संमती, असं सांगितलं. तेव्हा संमतीपत्र घरी आणून वाचायला मागा. घाई करणाऱ्याकडून उठून या.

कोणी फिलर घ्यावं की घेऊ नये, हे इथून सांगायचं नाही. अपघाताने खड्डा पडलेल्या गालासाठी कोणी घेईल, कोणी आरशात बरं वाटावं म्हणून घेईल. त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. कावसजीलाही चारचौघांत तोंड वर करून फिरायचं होतं, एवढंच. पण त्याच्यावर काम करणाऱ्या हाताने आधी मेणाचं माप घेतलं, रक्ताची वाट राखली, आणि पंचवीस दिवस धीर धरला. आज आपल्याला अर्ध्या तासात घरी पाठवतात. तर त्या अर्ध्या तासाआधी चार प्रश्न विचारण्याएवढा धीर आपण धरला पाहिजे.

आज इथेच थांबू.